दुसरा परीक्षक

२ फेब्रुवारी

माननीय अर्जदार,

मृदाशास्त्र विभागाच्या प्रमुखपदासाठी आपण केलेला अर्ज विद्यापीठाकडे पोचला आहे. उमेदवारांच्या संशोधनाची नोंद तपासून निवड समितीला दाखला देण्याचं काम ग्रंथालयाच्या संशोधन भांडार विभागाकडे असतं. आपला सोळा अंकी संशोधक क्रमांक अर्जात आहेच. तो आमच्या भांडाराला जोडण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

इथपर्यंतचं सगळ्या अर्जदारांना जातं. इथून पुढचं फक्त तुला.

काय डाव आहे तुझा, गुंड्या?

विद्यापीठं काय कमी पडली होती? तिकडे तुला मोठी प्रयोगशाळा आहे, हाताखाली विद्यार्थी आहेत, खिडकीतून समुद्र दिसतो असंही ऐकते. ते सगळं सोडून तू इथे अर्ज करतोस, जिथे सात वर्षांत पाऊल टाकलं नाहीस. आणि तोही नेमका सर निवृत्त झाल्यावर, त्यांच्याच खुर्चीसाठी. कुठेतरी पाणी मुरतंय.

आपलं शेवटचं बोलणं मी विसरलेले नाही. जेवायला बसलो होतो. तू म्हणालास, "ताई, सरांवर एवढी विसंबू नकोस." का, म्हणून विचारलं तर तोंडात गुळणी धरून बसलास. मी म्हटलं, पुरावा असेल तर बोल, नाहीतर ऊठ. तू उठलास. माझा लेख परत आला, संशोधन सुटलं, तेव्हा ग्रंथालयातली ही जागा सरांनी शब्द टाकून मला मिळवून दिली. अशा माणसाबद्दल माझ्याच घरात कुणी वेडंवाकडं बोललेलं मी ऐकून घेणार नव्हते, आणि आजही घेणार नाही.

तू म्हणशील, ताईचं काम काय, तर पुस्तकांवर शिक्के मारणं. तर ऐक. आमच्या इथे एकाच नावाची, एकाच आद्याक्षराची तीन माणसं आहेत. एक दातांवर लिहितो, एक पुलांवर आणि एक बाई कवितेवर. यंत्राने तिघांना एकच धरलं होतं, आणि बाहेरच्या एका संस्थेने त्या एका माणसाला चौफेर विद्वत्तेबद्दल पुरस्कार देऊ केला. पुलांवरचा तो घ्यायला तयारही झाला होता. तेव्हापासून प्रत्येक संशोधकाला क्रमांक काढून देणं आणि ज्याचा लेख त्याच्या पदरात घालणं हे माझं काम आहे. वडाची साल पिंपळाला लागलेली असते, ती मी सोडवते. नाव लग्नात बदलतं, छापणारा ते चुकवतो. क्रमांक मात्र एका माणसाचा एकच, मेल्यावरसुद्धा. आपल्या लोकांचे कितीतरी लेख जगात बेवारशासारखे हिंडत होते. ते भांडारात आले आणि जगाच्या यादीत विद्यापीठ एकदम वर सरकलं. कुलगुरू त्याला प्रभाव म्हणतात आणि भाषणात त्याचं श्रेय स्वतःकडे घेतात. तेवढ्या एका श्रेयाला मी अजून क्रमांक जोडलेला नाही.

तू माझा भाऊ आहेस हे इथे कुणाला ठाऊक नाही. लग्नात माझं आडनाव बदललं. पुढे नवरा सुटला, आडनाव राहिलं. ते आता उपयोगी पडतंय. तुझा दाखला मीच लिहिणार आहे, आणि डाळीतले खडे निवडावेत तसा एकेक लेख निवडणार आहे.

हे कुरियरने पाठवतेय. ऑफिसच्या मेलवर माझा भरवसा नाही, आमचा संगणकवाला सगळं वाचतो असा मला दाट संशय आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

प्रमुख, संशोधन भांडार विभाग


११ फेब्रुवारी

गुंड्या,

पत्र पोचलं त्याच दिवशी तू परवानगी दिलीस. आमचे प्राध्यापक तीन स्मरणपत्रं गेल्याशिवाय जागचे हलत नाहीत. एकाने पासवर्ड विसरून विसरून तीन क्रमांक काढले, म्हणजे एकाच जन्मात तीन जन्म. दुसरा म्हणाला, शेवटी सात येईल असं बघा ना. तू मात्र हाकेसरशी हजर. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण काही चोर दार सताड उघडं ठेवून बसतात, म्हणजे कुणाला शंका येऊ नये.

तुझे लेख तपासले. एकही परका नाही, एकही दोनदा मोजलेला नाही. उलट दुसऱ्या कुणाचे दोन लेख यंत्राने तुझ्या नावावर टाकले होते, ते तू स्वतःहून काढायला लावलेस. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी तशीच खाली गेले.

लेखांच्या खाली 'परीक्षण' असा एक भाग असतो. तिथवर कुणी जात नाही. संशोधकाने दुसऱ्याचा लेख छापण्याआधी तपासला, तर नियतकालिक त्याच्या क्रमांकावर तशी नोंद पाठवतं. कुठलं नियतकालिक आणि कुठलं साल, एवढंच. लेख कुणाचा, मत काय दिलं, ते गुप्त. जुन्या परीक्षणांच्या नोंदीही त्यांनी गेल्या वर्षी एकदम पाठवल्या. तुझ्याकडे त्यातली एक आहे. बुरशीवरचं ते त्रैमासिक. आणि ते साल. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, फक्त त्या एका साली तू त्यांच्यासाठी परीक्षण केलंस.

ते साल तुलाही आठवत असेल.

वणवा लागून गेलेल्या जमिनीतली माती मी चार वर्षं उपसली. जळालेल्या मातीत बुरशी पुन्हा दिसते ती वाऱ्याबरोबर बाहेरून येत नाही, खालीच कुठेतरी जिवंत असते, हे मला सापडलं होतं. सरांनी सांगितलं, त्रैमासिकाला पाठव. त्यांचा मोठेपणा बघ, मार्गदर्शक असून त्यांनी स्वतःचं नाव घालू दिलं नाही. "तुझं एकटीचं जाऊ दे," म्हणाले. लेख परत आला. संपादकाने लिहिलं होतं की लेख दोघांकडे पाठवला होता, निर्णय दुसऱ्या परीक्षकाच्या मतावरून घेतला आहे. सोबत त्या दुसऱ्याचं मत होतं. त्यातलं एक वाक्य मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही, आईला नाही, सरांनाही नाही. सरांना फक्त लेख परत आला एवढंच सांगितलं. मला त्या वाक्याची लाज वाटली. तुला आज पहिल्यांदा लिहिते: 'लेखिकेने नोंदी घेण्याचं काम चांगलं केलं आहे. तिने नोंदीच घ्याव्यात, निष्कर्ष काढू नयेत.'

त्यानंतर मी मातीला हात लावलेला नाही.

आता पुढचं ऐक. त्याच मतात लिहिलं होतं की वरच्या कप्प्यातलं तापमान भरवशाचं नाही. माझ्या लेखात कप्प्यांचा उल्लेखही नव्हता. आपल्या प्रयोगशाळेतला तो जुना इन्क्युबेटर वरच्या कप्प्यात जास्त तापायचा, दाराला पुठ्ठ्याची घडी लावायला लागायची, म्हणून मी प्रत्येक कप्प्यात वेगळं थर्मामीटर ठेवून हिशेब दुरुस्त करायची. हे तीनच माणसांना माहीत होतं: मला, सरांना आणि सुट्टीत येऊन माझ्या बुरशी वाढवायच्या बशा धुऊन देणाऱ्या तुला. मार्गदर्शकाकडे कुणी त्याच्याच विद्यार्थिनीचा लेख तपासायला पाठवत नाही. उरलास तू. सख्ख्या भावाकडेही पाठवत नाहीत, पण आडनावं वेगळी, संपादकाला काय कळणार?

नात्यातल्या माणसाचा लेख नातं लपवून तपासला, एवढं एक वाक्य मी दाखल्यात घातलं की तुझा अर्ज केराच्या टोपलीत जाईल. ते घालायचं की नाही, हे तुझ्या उत्तरावर आहे. सरळ सांग. दुसरा परीक्षक तू होतास का?

आणि असलास, तर का? तुझ्या बहिणीचं नाव तुझ्याहून मोठं होईल म्हणून?

उत्तर लवकर दे. महिनाअखेर दाखला द्यायचा आहे.


१८ फेब्रुवारी

गुंड्या,

तुझा निरोप फोनवर आला. पुन्हा पुन्हा वाचला, कारण एवढ्या थोड्या शब्दांत एवढं काही न सांगणं सोपं नाही. 'ताई, परीक्षण गुप्त ठेवायचं असतं. मी होतो की नव्हतो, हेही मला सांगता येणार नाही. तुला जे लिहायचं ते लिही.'

म्हणजे सात वर्षांनी पुन्हा तीच गुळणी. 'नव्हतो' म्हणायला किती वेळ लागतो? खाई त्याला खवखवे.

आणि आई. परवा ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मध्येच म्हणाली, "मागची खोली झाडून घेतली पाहिजे. गुंड्या मुलाखतीला येईल तेव्हा उतरेल कुठे?"

"तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं.

"त्यानेच. दर रविवारी बोलतो. तू बाजारात गेलीस की."

"सात वर्षं?"

"मग काय, मुलाशी बोलायला तुझी परवानगी काढायची?"

"मला एकदाही सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस," आई म्हणाली. "तू चौकशी करतेस गं. विचारतेस कुठे काही?" आणि माझाच कुर्ता माझ्या हातात देऊन उठून गेली. रविवारी भाजी आणायला मला एवढ्या घाईने का पिटाळायची, ते आता कळलं. माझ्याच घरात एक टेलिफोन खातं चालू होतं आणि मी जगाच्या नोंदी तपासत बसले होते.

असो. तू सांगत नाहीस तर मी दुसऱ्या दाराने जाते. त्रैमासिकाच्या कचेरीला विद्यापीठाच्या कागदावर रीतसर पत्र टाकलं आहे. मत काय दिलंत, ते विचारलेलं नाही, ते कुणी सांगत नाही. एवढंच विचारलं आहे की या अर्जदाराने त्या साली तुमच्यासाठी जे परीक्षण केलं, त्यात लेखकाशी असलेलं नातं त्याने कळवलं होतं का. दाखल्यासाठी हे विचारायचा मला अधिकार आहे. तुझ्या गुप्ततेला धक्का नाही आणि माझं काम होतं.

तोवर एक चांगलं काम हातात आहे. कुलगुरूंना भांडाराच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर सरांचा लेख हवाय, आपल्या विद्यापीठातला जगात सगळ्यात जास्त उल्लेख झालेला. निवृत्त झाले तरी सरांचा क्रमांक अजून कुणी काढलेलाच नाही. उद्या त्यांच्या घरी जाऊन काढून देणार आहे. तो लेख तू वाचलाच असशील, वणव्यानंतर बुरशी खालीच जिवंत असते तो. माझा लेख परत आल्यावर सरांनी विषय सोडला नाही, आणखी नमुने घेऊन वर्षभरात पुरा केला. शेवटी माझे आभार मानलेत. अजूनही सभेत सांगतात, "हिच्या नोंदींशिवाय हे झालं नसतं." ऐकलं की मला भरून येतं. परक्या माणसाने एवढं केलं आणि सख्ख्याने काय केलं, ते तुझं तुला ठाऊक.

ताई म्हणून सही करावीशी वाटत नाही.


२६ फेब्रुवारी

गुंड्या,

हे पत्र नीट वाच. मी नीट लिहिते की नाही, मला माहीत नाही.

सरांकडे गेले. घर तसंच आहे, खिडकीत मातीच्या बाटल्या, टेबलावर भिंग, त्यावर धूळ. सरांच्या पत्नीने चहा ठेवला आणि म्हणाल्या, "यांना नंबर देताय म्हणे? बरं झालं, हरवले तर सापडतील." सर हसले. "कैद्याला देतात तसाच ना गं?" मी म्हटलं, कैद्याचा नंबर सुटल्यावर जातो सर, हा जात नाही. आम्ही तिघंही हसलो.

मी त्यांच्यासाठी सगळं भरलं. जुना मेल पत्ता विचारला, त्यांनी सांगितला. परवानग्या दिल्या की नियतकालिकं आपापल्या नोंदी त्या माणसाच्या क्रमांकाकडे पाठवायला लागतात. एकेक लेख पडद्यावर येत गेला. सरांना मी मोठ्याने शीर्षकं वाचून दाखवत होते आणि ते प्रत्येक लेखाची गोष्ट सांगत होते. मग लेख संपले आणि खालचा भाग भरायला लागला.

परीक्षण. त्रैमासिक. ते साल. एक.

सरांचं पडद्याकडे लक्ष नव्हतं, ते चष्मा पुसत होते. मी वाचायची थांबले. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, त्या त्रैमासिकासाठी तुम्ही कधी परीक्षण केलंत का हो?"

"छे," सर म्हणाले. "त्यांचा माझा कधी संबंधच आला नाही."

मी म्हटलं, बरं. चहा संपवला. काम पुरं करून दिलं, क्रमांक एका कार्डावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. निघताना त्यांनी नेहमीसारखं दारापर्यंत येऊन विचारलं, "आई बरी आहे ना?"

माणूस विसरतो. सरांची साठी उलटली. त्रैमासिकाने त्या साली कितीतरी लेख तपासून घेतले असतील, सरांकडे दुसराच कुणाचा आला असेल. हे मी बसमध्ये स्वतःला सांगितलं, घरी आल्यावर सांगितलं, भांडी घासताना सांगितलं. तुझ्या बाबतीत मात्र असलं काही स्वतःला सांगायला मी एक मिनिटही थांबले नव्हते. तुझ्या एका नोंदीवर मी तुला सुळावर चढवलं. तशीच नोंद सरांची निघाली, तर माझ्याजवळ दहा सबबी तयार.

आणि मग ती गोष्ट आठवली, जिला मी सात वर्षं मोठेपणा म्हणत आले. "तुझं एकटीचं जाऊ दे." लेखावर सरांचं नाव असतं, तर संपादकाने तो त्यांच्याकडे पाठवलाच नसता.

तूही परीक्षक होतास, सरही होते. इन्क्युबेटर दोघांना माहीत होता. एकाने ते वाक्य लिहिलं. आता मला भीती त्रैमासिकाच्या उत्तराची वाटते. तू निघालास तरी भीती, नाही निघालास तरी.

आईने विचारलं, "काय झालं?" खरंच विचारलं, चौकशी केली नाही. मी काही नाही म्हटलं. आता माझ्याही तोंडात गुळणी आहे.


५ मार्च

गुंड्या,

उत्तर आलं. तुझ्यासाठी जसंच्या तसं उतरवते.

'सदर परीक्षकाकडे त्या वर्षी आम्ही एकच लेख प्रथम परीक्षक म्हणून पाठवला होता. लेखावर लेखिकेचं नाव झाकलेलं असूनही काम ओळखू आल्याचं आणि लेखिका आपली सख्खी बहीण असल्याचं त्यांनी आपलं मत पाठवतानाच आम्हाला स्वतःहून कळवलं होतं. नियमानुसार ते मत बाजूला ठेवण्यात आलं व दुसऱ्या परीक्षकाच्या मतावर निर्णय घेण्यात आला. दुसऱ्या परीक्षकाने लेखिकेशी कोणताही संबंध नसल्याचं कळवलं होतं. निर्णयानंतर प्रथेप्रमाणे दोघांनाही एकमेकांची मतं, नावं वगळून, पाठवली होती.'

मी ते ऑफिसात वाचलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "पाणी आणू का?" म्हणजे तोंडावर काहीतरी दिसत असणार.

म्हणजे तू खरं सांगितलंस म्हणून तुझं मत गेलं, आणि दुसऱ्याने नातं नाकारलं म्हणून त्याचं राहिलं. म्हणजे ते वाक्य तू तेव्हाच वाचलं होतंस. वरच्या कप्प्याचंही वाचलंस आणि ते कुठल्या हाताचं, ते तुला तिथेच कळलं. आणि जेवताना तेवढंच म्हणालास, जेवढं गुप्तता न मोडता म्हणता येतं: विसंबू नकोस. मी पुरावा मागितला. तुझ्याजवळ होता, आणि तू तो दाखवू शकत नव्हतास. मी ऊठ म्हटलं.

तुझ्या मतात काय होतं, ते त्यांनी लिहिलेलं नाही आणि मी विचारणार नाही. मला एवढंच सुचत होतं की बशा धुणाऱ्या पोराने माझा लेख नाव नसताना ओळखला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी सात वर्षांचा घातला. माझं चुकलं, गुंड्या. हे लिहायला सोपं गेलं नाही, पण लिहिलं.

मग आणखी एक लक्षात आलं. तू नातं कळवलंस. मी कुठे कळवलं होतं? तुझा दाखला लिहायला बसले ती सख्खी बहीण, आणि आडनाव वेगळं म्हणून गप्प. वर तुलाच लिहिलं, ते आता उपयोगी पडतंय. पत्र तुझ्याकडे असेलच, पहिलं.

तशीच उठले आणि ग्रंथपालांकडे गेले. म्हटलं, हा अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे, दाखला मी देऊ शकत नाही.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे आज सांगताय?"

"हो. उशीर झाला."

"तुमचं त्यांच्याशी पटतं की नाही?"

"त्याचा काय संबंध?"

"नाही, म्हणजे दाखल्यात तुम्ही काय लिहिलंत त्यावरून..." असं म्हणून त्यांनी फाइल उघडली. फाइल कोरी होती. महिनाअखेरची मुदत उलटून गेली तरी मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. एवढ्या धमक्या देऊन एक अक्षर नाही. त्यांनी ती पलीकडच्या बाईंकडे दिली. त्या माझ्याशी फारशा बोलत नाहीत, त्यामुळे काम चोख करतील. म्हणजे आता माझा तुला उपयोग नाही आणि अपायही नाही. खुर्ची मिळाली तर तुझी तुला मिळेल.

राहिले सर. पत्रात दुसऱ्या परीक्षकाचं नाव नाही. सरांकडे त्या साली दुसराच लेख गेला असेल, ही एक फट अजून उघडी आहे आणि मी ती बुजवणार नाही. एकदा निष्कर्ष काढून तोंडावर पडले आहे.


१२ मार्च

गुंड्या,

गेल्या आठवड्यात मी एक काम केलं, ते इतरांसाठी शेकडो वेळा केलेलं आहे. स्वतःचा क्रमांक काढला. इतकी वर्षं मला कधी लागलाच नव्हता. माहेरच्या नावाचे माझे दोन छोटे लेख कुठेतरी पडलेले होते, ते बोलावून घेतले. आले बिचारे. मग परत आलेला तो लेख शोधला. होता तसा, एक शब्द न बदलता, भांडारात ठेवला. न छापलेले लेखही आपण ठेवतो, नियमात बसतं. सोबत त्रैमासिकाची लेख मिळाल्याची पोच जोडली, तारखेसकट. कप्प्यांच्या थर्मामीटरचे सगळे आकडेही जोडले. सात वर्षं ते कुणी मागितले नव्हते.

भांडाराची एक सवय आहे, माझीच लावलेली. एकाच विषयावरचे लेख ते शेजारी शेजारी मांडतं, आधीचा वर, नंतरचा खाली. त्यामुळे पहिल्या पानावरचा सरांचा लेख कुणी उघडला की त्याच्या वर आता माझा दिसतो. वर्षाने आधीचा. तोच वणवा, तीच बुरशी, आणि नमुने घेतलेल्या जागाही बऱ्याचशा त्याच. मी कुठे काही लिहिलं नाही, कुणाला कळवलं नाही. कुलगुरूंनाही नाही, त्यांच्या भाषणात अजून फरक पडलेला नाही. तुझ्या तिकडच्या दोघांनी मात्र लेख उतरवून घेतलेला दिसतो. तू सांगितलंस का त्यांना? असू दे, चौकशी करत नाही.

काल सकाळी सरांचा फोन आला. आई समोर शेंगा सोलत बसली होती.

"हे काय ठेवलंयस भांडारात?" सर म्हणाले. आवाज नेहमीचाच, जरा बसलेला.

"माझा जुना लेख, सर."

"अगं, पण माझ्या लेखाच्या डोक्यावर? लोक काय अर्थ काढतील?"

"ते लोकांचं लोक बघतील. मी काहीच अर्थ काढलेला नाही," मी म्हटलं. "तिने नोंदीच घ्याव्यात, निष्कर्ष काढू नयेत. तेवढंच केलं, सर."

मागे सरांच्या पत्नी कुणाला तरी दूध ठेवायला सांगत होत्या, ते ऐकू आलं. मग सर म्हणाले, "ते फार जुनं झालं गं."

ते वाक्य मी त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं, गुंड्या. तुझ्याशिवाय कुणालाच नाही. असं कोण म्हणालं, कुठे म्हणालं, कधी, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. फक्त जुनं झालं म्हणाले.

मी फोन ठेवला. आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती शेंगा सोलायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "तरी मी म्हणत होते, तो मेला दर वेळी माझीच तब्येत का विचारतो. तुझी कधी विचारली नाही." मग रडली थोडी. मीही.

सोमवारी तुझी मुलाखत आहे, असं आई म्हणते. मला अधिकृतपणे काही माहीत नाही. खुर्ची मिळेल न मिळेल. विद्यापीठात जायच्या आधी घरी ये. मागची खोली झाडून तयार आहे. जेवायला बसू, आणि तुला जे सांगता येत नाही ते सांगू नकोस. या वेळी मी ऊठ म्हणणार नाही.

ताई